अप्पांचं ब्लेड आणि साडेचारशे फुटांचा चिकटा

गाळा दाखवायला आलेल्या एजंटने शटर वर केलं आणि तो बाहेरच उभा राहिला. आत यायचं नावच घेईना. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ठाण्यातली वागळे इस्टेट, रोड नंबर १६च्या मागची गल्ली, तळमजला. ४५० चौरस फुटांचा हॉल आणि मागे एक छोटी केबिन. आधी तिथे फोनवरून कर्जं विकणाऱ्यांचं ऑफिस होतं. ते जाताना खुर्च्या घेऊन गेले, एसी घेऊन गेले, भिंतीवरचं घड्याळही घेऊन गेले. ठेवलं ते फक्त कार्पेट. करड्या रंगाचं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि बंद शटरआड तीन पावसाळे पोटभर प्यायलेलं. भाडं एवढं कमी का, ह्याचं उत्तर त्या वासात होतं.

मला तिथे मातीकाम करायचं होतं. दहा वर्षं कळव्याच्या फ्लॅटमधल्या बाल्कनीत चाक ठेवून भांडी केली. आता भट्टी घ्यायची होती, चार जणांना शिकवायचं होतं. मातीकामाच्या जागेत कार्पेट चालत नाही. सुकलेल्या मातीची धूळ म्हणजे बारीक सिलिका, फुप्फुसांना घातक. ती झाडूने उडवायची नसते, रोज ओल्या पोछ्याने उचलायची असते. त्यामुळे मला खाली साधा, धुता येणारा कोबा हवा होता. कार्पेटचा एक कोपरा उचलून पाहिला तर खाली होताही. जुन्या पद्धतीचा आयपीएसचा, म्हणजे गुळगुळीत केलेल्या सिमेंटचा कोबा, चौकोनांच्या मध्ये काचेच्या पट्ट्या घातलेला. मी खूश होऊन करार केला. त्या कोपऱ्यात गोंद कमी लागला होता, हे नंतर समजलं.

कार्पेट निघालं अर्ध्या दिवसात. कटरने दोन-दोन फुटांचे पट्टे पाडायचे, टोक मुठीत पकडीसारखं आवळायचं आणि मागे चालत जायचं. खालचा फोम मात्र जागोजागी फाटून जमिनीलाच राहिला. भंगारवाल्याने गुंडाळ्यांना पाय लावून पाहिला आणि म्हणाला, "हे फुकट पण नको." शेवटी डेब्रिजच्या टेम्पोवाल्याला पैसे देऊन पाठवल्या.

आणि मग जमीन दिसली. पिवळट तपकिरी गोंद, दातेरी पत्र्याने ओढलेला, त्यामुळे सगळीकडे शेतातल्या सऱ्यांसारख्या रेघा. शटरजवळ, जिथे ऊन यायचं, तिथे तो सुकून कडक झालेला. आत मात्र पंधरा वर्षांनंतरही चप्पल धरून ठेवण्याइतका ताजा. मी चालले की चर्रर्र चर्रर्र आवाज यायचा आणि पाऊल उचलताना चप्पल मागे राहायची.

इथे मी माझी मोठी चूक केली. हार्डवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, थिनर टाका, लोण्यासारखं निघेल." मी पाच लिटरचा डबा आणला, हॉलच्या मध्यावर तीन बाय चार फुटांच्या तुकड्यावर ओतला आणि दहा मिनिटं थांबले. तो खोटं बोलला नव्हता. गोंद खरंच विरघळला, काकवीसारखा झाला. पत्र्याने ओढायला गेले तर काकवी पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी पसरली. चिंध्यांनी पुसली तर चिंध्या संपल्या, काकवी संपेना. तासाभरात थिनर उडून गेला आणि जो गोंद कोब्याच्या वर होता, त्यातला बराचसा कोब्याच्या आत जाऊन बसला. कोबा दिसायला दगड असला तरी आतून बारीक छिद्रांचा असतो, बिस्किट भाजलेल्या, म्हणजे ग्लेझचा काचेसारखा लेप द्यायच्या आधी एकदा भाजलेल्या भांड्यासारखा. वर काहीही पातळ ओतलं की तो ते पिणार. मी पातळ केलेला गोंद त्याने आनंदाने प्यायला. रोज बिस्किट भाजलेल्या भांड्यांना ग्लेझ पाजणाऱ्या बाईला हे आधी सुचू नये, ह्याची लाज मला अजून वाटते.

डोकं गरगरायला लागलं म्हणून मी बाहेर आले, तर समोर अप्पा. माझे सासरे. ह्याच वागळे इस्टेटमध्ये एका मशीन शॉपमध्ये ३१ वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे, होते, युनियनमध्येही होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक, हे ते अशा थाटात सांगतात की जणू कोनशिला त्यांनीच बसवली. सुनेने गाळा घेतला म्हणून डबा घेऊन बघायला आले होते. त्यांनी हवेत नाक वर केलं, मग शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं. तिथे वेल्डिंग चालू होतं.

"अगं, तू आत काय ओतलंयस?"

"थिनर, अप्पा."

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. आधी शेजाऱ्याकडे जाऊन वेल्डिंग बंद करायला लावलं, मग आमच्या गाळ्याचा मेन स्विच बाहेरून पाडला आणि शटर पूर्ण वर केलं. त्यांचा हा सगळा खटाटोप संपेपर्यंत मी अपराध्यासारखी डबा धरून उभी. मग म्हणाले, "थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. शटरच्या खालून फटीतून शेजारी जाते. तिथे एक ठिणगी पुरते." शेजारचा वेल्डर भला माणूस, म्हणाला, "वहिनी, मला वाटलं आज कुठेतरी रंगकाम चाललंय." उरलेला थिनर त्याच संध्याकाळी दुकानात परत गेला. चिंध्या अप्पांनी मोकळ्या हवेत पसरून सुकवल्या आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट डोळ्याला डोळा देऊ शकले नाही.

तिसऱ्या दिवशी ते एक विचित्र हत्यार घेऊन आले. पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं जुनं ब्लेड, त्याचा चार इंचांचा तुकडा, दोन पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळलेला आणि मागे कुदळीचा दांडा. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ग्राइंडरवर धार लावून आणलं होतं. धार एकाच बाजूने, पटाशीसारखी. "हे एचएसएस आहे, हाय स्पीड स्टील," ते म्हणाले. "साधं पोलाद ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. ह्याचं उतरत नाही. पण काचेसारखं तुटतं, तेव्हा चष्मा लाव." बाजारातले लांब दांड्याचे स्क्रॅपर मी आधी वापरून पाहिले होते. त्यांच्या पातळ पात्यांची धार वीस मिनिटांत बोथट व्हायची. अप्पांच्या ब्लेडला दिवसातून दोनदा धार लावली की भागायचं.

पण आधी त्यांनी काय केलं, तर गोंदाची परीक्षा घेतली. एका कोपऱ्यावर उकळतं पाणी ओतून जुनं फडकं टाकलं आणि चहा पिऊन आलो. पाण्यावर आधारलेला गोंद असता तर तो फुगून पांढरट झाला असता आणि गरम पाण्यानेच अर्धं काम झालं असतं. आमचा ढिम्म. म्हणजे रबराचा. आपल्याकडे फोम आणि सनमायका चिकटवायला जो पिवळा, वासाचा, दोन्ही बाजूंना लावून सुकवायचा गोंद वापरतात, त्याच जातीतला. त्याला पाण्याचं काही नाही. तो थिनरला वितळतो, उष्णतेला मऊ होतो आणि थंडीला आखडतो. आमच्या हातात ह्यातलं तिसरंच उरलं होतं.

हीट गन आणली होती, तीही सांगते. गरम हवेने गोंद मऊ होतो खरा, पण मग तो पिझ्झ्यावरच्या चीझसारखा तार सोडतो. ब्लेडला, हातमोज्याला, अप्पांच्या धोतराला. वर धूर. भिंतीच्या कडेला जिथे गोंद अर्धा इंच जाड साचला होता, तेवढ्यापुरती ती कामाला आली. बाकी ठेवून दिली. आणि थिनरवाल्या तुकड्याच्या आसपास तर अप्पांनी तिला फिरकूच दिलं नाही.

जानेवारी चालू होता. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी साडेसहाला सुरुवात केली ती केवळ अप्पा लवकर उठतात म्हणून. गोंद चक्क सोलून निघत होता. ब्लेड सपाट धरायचं, थालीपीठाखाली उलथनं सारतो तेवढंच तिरकं, आणि छोटे छोटे धक्के द्यायचे. सऱ्या पापुद्र्यासारख्या गुंडाळत यायच्या. दहा वाजता तोच गोंद चिवट झाला. बारा वाजता, शटरवर ऊन आल्यावर, नुसता च्युइंगम. मला वाटलं मी दमले. अप्पा म्हणाले, "तू नाही दमलीस, तो तापला." त्यानंतर रोज सहा ते दहा खरवडणं आणि दुपारी फक्त गोळा करणं, धार लावणं, कडा साफ करणं. दोघांमिळून चार तासांत साधारण ५० चौरस फूट. नऊ दिवस लागले. वेळ लागला म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नव्हता, कारण त्या वेळी सगळी इस्टेट झोपलेली असायची, गल्लीच्या टोकाचा चहावाला तेवढा स्टोव्ह पेटवत असायचा, आणि अप्पा खरवडता खरवडता कुठल्या गाळ्यात पूर्वी कुठली लेथ होती ते सांगायचे. त्यांच्या हिशोबात ही इस्टेट अजून लेथ आणि मिलिंग मशीनचीच आहे. पासपोर्ट ऑफिस, कॉल सेंटर, जिम ही सगळी मधे आलेली पाहुणे मंडळी.

बर्फाची कल्पना माझी. आतल्या अंधाऱ्या भागातला गोंद सकाळीही मऊच असायचा. मासळी बाजारात बर्फ टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला गाठून मी एक लादी मागवली. "घरी लग्न आहे का?" त्याने विचारलं. जमीन साफ करायला, म्हटल्यावर तो काही बोलला नाही, पण पैसे आधी घेतले. लादी फोडून तुकडे पोत्यात भरले आणि पोतं गोंदावर वीस मिनिटं ठेवलं. खरं सांगायचं तर काही जादू झाली नाही. कुठे वाचलं होतं तसे गोंदाचे तुकडे तुकडे होऊन उडाले नाहीत. त्याला लागतो कोरडा बर्फ, उणे ७८ अंशांचा, आणि तो बंद गाळ्यात वापरला तर कार्बन डायऑक्साइड साचून माणूसच आडवा व्हायचा. साध्या बर्फाने एवढंच झालं की गोंदाचं तार सोडणं थांबलं, आणि वितळलेल्या पाण्यामुळे तो ब्लेडला चिकटेना. आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं. पुढे बर्फ बंद केला आणि नुसता पाण्याचा शिडकावा ठेवला. धूळही बसायची.

धुळीबद्दल अप्पांशी वाद घालावा लागला नाही. त्यांच्या ओळखीतला एक फाउंड्रीवाला शेवटी जिना चढू शकत नव्हता. १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होता, हे त्यांना पाठ आहे. कोबा घासला की तीच सिलिका उडते, जी माझ्या मातीत आहे. त्यामुळे सुकं घासायचं नाही ह्यावर सासऱ्या-सुनेचं पहिल्यांदाच एकमत झालं. एन-९५ मास्क तरीही लावले होते. अप्पांचा बराच वेळ हनुवटीवर असायचा, तो भाग वेगळा.

केबिन उघडली तेव्हा मात्र आम्ही दोघंही थांबलो. तिथे कार्पेटखाली जुन्या विनाइल टाइल्स होत्या, नऊ-नऊ इंचांच्या, आणि एक टाइल उचकटलेली होती तिच्याखाली काळाकुट्ट, डांबरासारखा गोंद. हा कोणीतरी त्या कर्जवाल्यांच्याही फार आधी लावलेला. पूर्वी अशा टाइल्समध्ये अ‍ॅसबेस्टॉस घालत, म्हणजे श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज. आपल्याकडे तर त्यांच्यासाठी आयएस ३४६१ असं वेगळं मानकच होतं. काळ्या गोंदातही ते असू शकतं. बघून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. आणि जोवर तो आहे तसा, न तुटता पडून आहे तोवर त्याचा त्रास नाही. खरवडला, घासला की तंतू हवेत. मी ब्लेड खाली ठेवलं. उचकटलेल्या टाइलवर ओलं फडकं आणि वर चिकटपट्टी, आणि सगळ्या केबिनवर न ठोकता, नुसता अंथरलेला जाड विनाइलचा तुकडा. आता तिथे मातीच्या गोण्या असतात. गाळेमालकाला मी हे लेखी कळवलंय, म्हणजे माझ्यानंतर येणारा कोणी उत्साहात मशीन लावायला नको.

हॉल खरवडून झाला तरी कोब्यावर दुधावरच्या सायीइतका पातळ थर राहिलाच. तो हाताने निघत नाही. आधी मी माझ्या छोट्या ग्राइंडरला डायमंड कप, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली घासायची वाटी, लावून, पाणी मारत, एक फूटभर जागा करून पाहिली. कप तापला, गोंद वितळला आणि दहा मिनिटांत हिऱ्याचे कण चॉकलेटखाली गेल्यासारखे बुजून गेले. गोंदासाठी पीसीडीचे, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचे दात असलेले कप वेगळे मिळतात. ते घासत नाहीत, तासतात. पण एवढ्याशा कामासाठी ते घेणं जिवावर आलं. मग लादी पॉलिश करणाऱ्याला बोलावलं. त्याने जमिनीकडे पाहिलं, नखाने खाजवलं आणि म्हणाला, "काका, ह्याच्यात माझे दगड मरतील." पण माणूस जाणता निघाला. त्याने दोन घमेली जाड वाळू मागवली, जमिनीवर पसरली, पाणी सोडलं आणि सगळ्यात खरखरीत दगड लावून मशीन फिरवलं. वाळू दगडाला सतत साफ करत राहते आणि निघालेला गोंद वाळूत गोळा होतो. दगड तरीही दोनदा बदलावे लागले. दिवसभराचे साडेतीन हजार त्याने घेतले आणि मला एक रुपयाही जास्त वाटला नाही.

त्या मशीनखालून जो करडा चिखल निघतो तो पॉलिशवाला मोरीत लोटणार होता. मी ओरडलेच. सिमेंटचा गाळ आणि गोंदाच्या गुठळ्या पाइपात बसल्या की मग इस्टेटभर खोदत बसा. मातीकाम करणाऱ्या कुणाच्याही घरी असतात तशा माझ्याकडे निवळायच्या बादल्या होत्या. चिखल त्यात भरला, रात्रभर ठेवला, सकाळी वरचं निवळ पाणी काढलं आणि खालचा गाळ सुकवून डेब्रिजमध्ये दिला. "हे बरं आहे की," पॉलिशवाला म्हणाला. पुढच्या कामावर तो हे करेल अशी मला मुळीच आशा नाही.

मग परीक्षा. जमीन दोन दिवस सुकू दिली आणि ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकत फिरले. गोंद खरंच गेला असेल तर कोबा पाणी पितो. हॉलभर थेंब दोन-तीन मिनिटांत जिरले, मागे फक्त गडद ठिपका. बिस्किट भाजलेलं भांडं आम्ही जिभेला लावून बघतो, तसंच. (जमिनीला जीभ लावली नाही.) आणि मधोमध, तो तीन बाय चारचा तुकडा. तिथे अळवावरचं पाणी. थेंब गोल, टपोरे, इकडून तिकडे घरंगळणारे. अप्पा वाकून बराच वेळ बघत होते. "प्यायलाय चांगला," एवढंच म्हणाले. पॉलिशवाल्याने तिथे दोनदा जास्तीचं मशीन फिरवलं होतं, पण आत किती खोल गेलंय ते कोण सांगणार?

खरं तर मला वर एपॉक्सी, म्हणजे प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा लेप, करायचं होतं, गुळगुळीत, हॉस्पिटलसारखं. त्याआधी ओल बघायची म्हणून दीड बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला. कमीत कमी सोळा तास ठेवतात, आम्ही दुपारी लावून दुसऱ्या सकाळी काढला. असे तीन लावले होते. दोन कोरडे. मागच्या भिंतीजवळच्या तुकड्याच्या आतून मात्र दंव साचलेलं आणि खालचा कोबा काळपट. तळमजला, जुनं बांधकाम, खाली ओल अडवणारा थर घातलेला नसावा. जानेवारीत हे, तर जुलैत काय? एपॉक्सी त्या ओलीने फुगून उठलं असतं. कार्पेटला वास का यायचा तेही कळलं. छप्पर गळत नव्हतं, पाणी खालून येत होतं.

म्हणून कोबा उघडाच ठेवला आणि त्याला फक्त सिलिकेटचं हार्डनर पाजलं. सिलिकेट माझ्या ओळखीचं. साच्यात ओतायची माती पातळ करायला आम्ही सोडियम सिलिकेटचे थेंब घालतो. इथे ते कोब्यातल्या चुन्याशी जुळून आतल्या आत घट्ट होतं आणि जमिनीची भुकटी उडणं कमी होतं. वर पापुद्रा होत नाही, त्यामुळे खालची ओल अडत नाही. हॉल ते गटागटा प्यायला. मधल्या तुकड्याने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरी पूड साचली होती, ती धुऊन टाकली.

पावसाळा झाला एक. मागच्या भिंतीजवळ कोबा गडद होतो आणि दिवाळीपर्यंत परत उजळतो. वास नाही. मधला तुकडा पोछा मारला की सगळ्यात शेवटी सुकतो, त्याच्या कडा नकाशासारख्या दिसतात. नवीन मुली विचारतात, हे डिझाइन आहे का. मी तिथे अप्पांची खुर्ची ठेवली आहे.

ब्लेड ते परत मागत होते. मी दिलं नाही. भट्टीच्या फळ्यांवर ग्लेझ सांडून चिकटलं की ते खरवडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. महिन्यातून एकदा ते येतात, अंगठ्याने धार बघतात, मान हलवतात आणि पिशवीत घालून वर्कशॉपला घेऊन जातात. संध्याकाळपर्यंत आणून देतात.